दोन किल्ल्या

गणपती गेले की दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीत दानपेटी उघडतात. पेटी लोखंडाची, हिरवा रंग दिलेली, आणि तिला दोन कुलपं. लालबागमधल्या एका चाळीच्या गणपतीची पेटी ती केवढी! त्यात हल्ली निम्मे लोक क्यूआर कोडवर पैसे टाकून हात जोडतात. पण कुलपं दोनच, कारण ती काकांनी लावलेली आहेत. यंदा त्यातली एक किल्ली माझ्याकडे आली. काकांचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत. किल्ली देताना त्यांनी वहीत तारीख, वेळ लिहून माझी सही घेतली. सख्ख्या पुतणीची.

काका बँकेत होते. 19 जुलै 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पाठोपाठ शाखा धडाधड निघाल्या आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांतला एकेक मॅट्रिक पास मुलगा काउंटरच्या मागे जाऊन बसला. काका 1972 मध्ये क्लार्क म्हणून चिकटले, पुढे हेड कॅशियर झाले, ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पण त्यांच्या बोलण्यात बँक म्हणजे काउंटर किंवा खुर्ची नसते, तिजोरी असते. तिजोरीला दोन किल्ल्या. एक त्यांच्याकडे, दुसरी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. दोघं समोर उभे राहिल्याशिवाय दार उघडायचं नाही. रजेवर जायचं तर किल्ली रजिस्टरात सही करून सोपवायची, आणि डुप्लिकेट आपल्या शाखेत ठेवायचीच नाही, ती दुसरीकडे.

लहानपणी मला हे जरा अपमानाचं वाटायचं. एकदा विचारलं, "काका, म्हणजे बँकेचा तुमच्यावर विश्वास नाही?"

"आहे म्हणून तर किल्ली दिली," काका म्हणाले. "पण उद्या आत एक नोट कमी निघाली, तर ती मी घेतली नाही हे सांगायला कोण आहे? ज्याच्याकडे दुसरी किल्ली आहे, तो."

त्या वयात हे डोक्यावरून गेलं. मला फक्त ती किल्ली कुठे असते यात रस होता. ती बनियनच्या आतल्या, काकूंनी शिवलेल्या खिशात असायची आणि खिशाला सेफ्टी पिन. आंघोळीला जाताना ती पिन काढायची, देवापुढे ठेवायची, आल्यावर पुन्हा लावायची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काका कुर्ल्याच्या शाखेत होते. छातीएवढ्या पाण्यातून, मग पुलांवरून, मग रुळांच्या कडेने चालत रात्री अडीचला घरी आले. काकूंनी आधी पायांकडे बघितलं, काकांनी आधी बनियनच्या खिशात हात घातला. आणि उजाडल्यावर अंगावरचा गाळ जेमतेम धुऊन पुन्हा चालत निघाले. शाखेत पाणी शिरलं असणार, नोटा भिजल्या असणार, आणि दुसरी किल्लीवाला तिथे पोचला तरी एकटा काय करणार? काकू त्या दिवशी जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकांना सामाजिक कार्यकर्ते म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भाषण त्यांनी आयुष्यात केलं नाही, हारतुऱ्यांच्या वेळी ते मागे उभे राहून पावतीपुस्तक सांभाळायचे. पण आमच्या पट्ट्यात जिथे जिथे चार माणसं जमून काही करत, तिथे खजिनदार काका. चाळीचा गणपती, रक्तदान शिबिर, गावकीची खोली.

गावकीची खोली हल्लीच्या मुलांना सांगावी लागते. कोकणातल्या एकेका गावाने लालबाग-परळमध्ये खोली घेतलेली असायची. गिरणीत कामाला आलेला गडी तिथे उतरायचा. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, वर दोरीवर कपडे, जेवण खानावळीत आणि झोप पाळीप्रमाणे. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच्या जागेवर आडवा. प्रत्येकाची महिन्याची वर्गणी. त्यातून भाडं, गावच्या देवळाचं काम, कुणी आजारी पडला तर त्याला गावी धाडायचं एसटीचं भाडं, आणि कुणी इथेच गेला तर पुढचं सगळं. काका बँकेत लागल्यावर या खोलीचे हिशेब आपोआप त्यांच्याकडे आले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पत्र्याच्या डब्यातला फंड उचलून बँकेत टाकला, दोन सह्यांवर. दुसरी, खोलीतल्या एकेकाचं बचत खातं उघडलं. तेव्हा खातं उघडायला आधीच्या खातेदाराने ओळख द्यावी लागे. कितीतरी फॉर्मांवर 'ओळख देणार' म्हणून काकांची एकच सही आहे. एवढ्या माणसांना ओळखतो असं लिहून देणं ही जोखीम होती, हे मला फार उशिरा कळलं. तसं मी आज स्वतःच्या चुलत भावासाठीही लिहून देणार नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, आणि संप संपला असं धडपणे कुणी कधी म्हटलंच नाही. खोलीची वर्गणी थांबली. काकांच्या त्या वर्षांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. नावांपुढे महिनामहिना 'येणे' लिहिलेलं आहे, निळ्या शाईत, एकाही नावावर काट नाही. काही नावं 1985 पर्यंत 'येणे'च आहेत. ती माणसं तोवर गावी परतली होती, काही वारलीही होती. काकांना विचारलं, हे सोडून का नाही दिलं? म्हणाले, "सोडून दिलं म्हणजे नाव कापलं. येणे लिहिलं की माणूस वहीत राहतो."

आता लॉज. इथे मला जरा हसू येतं. महिन्यातून एका संध्याकाळी काका काळा सूट घालून, हातात चपटी बॅग घेऊन निघत आणि विचारलं की सांगत, "लॉजवर जातोय." लालबागच्या चाळीत लॉज या शब्दाचा अर्थ एकच, लॉजिंग-बोर्डिंग. तळमजल्यावरच्या आजींनी काकूंना बाजूला घेऊन समजावलं होतं म्हणे, की पुरुषाचं पाऊल कधी वाकडं पडतं, तू धीर धर. काकूंनी धीर धरला नाही, त्या फोर्टात स्टर्लिंग सिनेमाजवळच्या फ्रीमेसन्स हॉलपर्यंत मागोमाग गेल्या. तिथे सुटातले वयस्कर पारशी, गुजराती, बोहरी गृहस्थ एकमेकांना ब्रदर म्हणत जिना चढत होते. काकू घरी येऊन म्हणाल्या, "बाई असती तर निदान समजलं असतं."

फ्रीमेसन म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्यांची जुनी संघटना, आणि तिच्या शाखेला म्हणतात लॉज. ही मंडळी मुंबईत फार जुनी. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या साहेबांनी घेतलं नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. मग 1843 मध्ये जेम्स बर्न्स या डॉक्टरने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली, इथल्या लोकांना दार उघडायचं म्हणून. देशाची स्वतःची ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजांच्या वरची संस्था, व्हायला 1961 उजाडलं. आत काय चालतं ते काका सांगत नाहीत, पण जे सांगतात तेवढ्यावरूनही माझी थोडी निराशाच झाली. गुण्या, कंपास, ओळंबा, म्हणजे सगळी गवंड्याची हत्यारं आणि शाळेची कंपासपेटी. अंगावर पांढरा एप्रन. समोर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी, आणि धर्मावर किंवा राजकारणावर एक शब्द काढायचा नाही. कुणाला आत घ्यायचं तर नाव सुचवणारा एक आणि त्याला अनुमोदन देणारा दुसरा हवा. शेवटी दानाची झोळी फिरते, कुणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही दिसू नये अशी. बायकांना सभासद होता येत नाही, हे मला आजही खटकतं आणि मी ते काकांना दर दिवाळीला ऐकवते. काका तिथेही अनेक वर्षं खजिनदार. खजिनदाराच्या गळ्यात जे पदक असतं, त्यावर काय असावं? किल्ली.

बंधुभावाला आपल्याकडे सरळ शब्द भावकी. पण भावकी म्हटलं की आपल्याला सातबारा आठवतो, बांध आठवतो, तारखा आठवतात. काकांच्या डोक्यात गावकी, भावकी, चाळ आणि ती फोर्टातली लॉज हे सगळं एकाच खातेवहीची पानं आहेत. यात घराचं पान कोरं राहिलं, असं काकूंचं म्हणणं. "यांना घरात दोन सह्या लागत नाहीत," त्या म्हणतात, "कारण घरात हे असतातच कुठे?" घराची किल्ली एकच आहे, आणि ती काकूंच्या कमरेला आहे. काका उशिरा आले की खाली उभे राहून हाक मारतात. आख्ख्या चाळीला कळतं, खजिनदार आले.

तर दानपेटी. दुसरी किल्ली पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे असते. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवरून त्यांचं आणि आमच्या घराचं 1994 मध्ये वाजलं, तेव्हापासून बोलणं नाही. काकांनी मुद्दाम त्यांनाच किल्ली दिली की कसं, कोण जाणे. पण तीस वर्षं दोघं विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी समोरासमोर मांडी घालून बसत, एक शब्द न बोलता मोजत, आणि दोघं सह्या करून उठत.

यंदा काकांच्या जागी मी बसले. कुलपं उघडली. चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या, फाटक्या बाजूला. नियम असा की दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे दाखवायचे. माझा आकडा त्यांच्यापेक्षा दहा रुपयांनी कमी आला. मी पर्समध्ये हात घातला. दहाच्या नोटेसाठी कुठे पुन्हा मोजत बसा!

"पर्स ठेव आत," ते म्हणाले.

एकतीस वर्षांत आमच्या घरातल्या माणसाशी त्यांचे हे पहिले शब्द. मी पर्स ठेवली. त्यांनी आतून चहा सांगितला, दोन, आणि चिल्लरचा ढीग पुन्हा मधोमध ओतला.