एल्मर कीथ : बंदुकीच्या बाराच्या आवाजापलीकडचा लेखक

अमेरिकेतल्या जुन्या नेमबाजांमध्ये एल्मर कीथ यांचे नाव निघाले की बोलणे हमखास .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या जोरकस काडतुसावर (आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचांत) जाते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. मोठी हॅट, तोंडात चिरूट, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि कुठल्याही शिकारीला मोठ्यातल्या मोठ्या काडतुसाचा आग्रह, अशी त्यांची एक ठरीव प्रतिमा झाली आहे. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी आयडाहो राज्यातल्या बॉयसी येथे ते वारले, त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. इथे अमेरिकेत राहायला आल्यावर स्वतःची काडतुसे स्वतः भरण्याचा छंद मला लागला आणि त्यातूनच मी कीथ यांच्या लिखाणाकडे वळलो. त्यांच्या प्रतिमेने मला कधीच ओढून घेतले नाही; फुटलेले रिव्हॉल्व्हर वाचकापुढे ठेवून ते का फुटले असावे हे सांगणारा लेखक म्हणून ते मला मोठे वाटतात.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत, त्यामुळे हा छंद मराठी वाचकाला अपरिचित असणार. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला मात्र दारू मोजून भरण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. इथे उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणतात, जुना प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची टोपी, काढून नवा बसवतात, दारू तोलून ओततात आणि वर गोळी बसवून पुंगळीची कड आत वळवतात. तोलण्याचे माप ग्रेन, म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या जवळजवळ निम्मे, आणि त्यातही दशांशाचा फरक काट्यावर पाहावा लागतो.

कीथ यांचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसुरीतल्या हार्डिनचा. लहानपणी माँटानात मिसूला येथे राहत्या इमारतीला लागलेल्या आगीत ते भयंकर भाजले आणि डावा हात वाकडा होऊन बसला. तो पुन्हा मोडून सरळ करायला आपण वडिलांनाच लावले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्या काळात माँटानात यादवी युद्ध लढलेले म्हातारे सैनिक अजून हयात होते आणि हा मुलगा त्यांच्यापाशी जाऊन बसत असे. जुन्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची साधी वाटोळी गोळी टोकदार गोळीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, हा त्या सैनिकांचा अनुभव त्याच्या मनात पक्का बसला. गोळीच्या वेगापेक्षा तिच्या आकाराचा आणि वजनाचा विचार आधी करायचा, ही कीथ यांची जन्मभराची खोड तिथूनच आली असावी, असे मला वाटते.

४ जुलै १९२५ च्या पहाटे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन साजरा करण्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या .४५ कोल्टमधून बार काढायला सुरुवात केली. काडतुसांत काळी दारू होती आणि तिच्यावर मुळात रायफलसाठी असलेली ३०० ग्रेनची जड गोळी. त्यातल्या एका बाराला सिलिंडरचा, म्हणजे काडतुसे ठेवण्याच्या फिरत्या नळकांड्याचा, वरचा भाग फुटला आणि त्याच्यावरची लोखंडी पट्टीही उडून गेली. दुसरा कोणी असता तर हात शाबूत राहिला म्हणून देवाचे आभार मानून गप्प बसला असता. कीथ यांनी मात्र ती हकिगत छापायला दिली. या प्रसंगातून निघणारा हिशेब साधा आहे. .४५ चे काडतूस जाड असल्याने सिलिंडरची सहा घरे मोठी कोरावी लागतात आणि त्यामुळे घरांच्या भिंती पातळ राहतात. त्याच मापाच्या सिलिंडरमध्ये .४४ ची घरे कोरली तर भिंतीला जास्त लोखंड उरते. कीथ त्यानंतर .४४ स्पेशलकडे वळले. हे काडतूस १९०७ पासून बाजारात होते, पण कारखाने ते फारच मवाळ भरत असत.

माझ्या मते त्यांचे खरे काम आहे ते ओतीव शिशाच्या गोळीवरचे, आणि ती गोळी हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्यांचा विचार नीट कळत नाही. त्यांच्या आराखड्यावरून निघालेल्या ४२९४२१ क्रमांकाच्या साच्यातून साधारण २५० ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमची गोळी पडते. तिचे नाक रुंद आणि सपाट असते. नाकामागे काटकोनी धारेचा खांदा असतो, त्यामुळे कागदावर फाटके भोक न पडता पंचने पाडावे तसे स्वच्छ वर्तुळ उमटते. पुढचा पट्टा पुंगळीच्या बाहेर राहतो आणि गोळीला घराच्या मध्यावर धरून ठेवतो. वंगणाची खाच खोल आणि चौकोनी कोरलेली असते, कारण वंगण कमी पडले की नळीत शिसे चिकटते आणि नेम बिघडत जातो. पुढे साचे करणाऱ्यांनी गोळी सहज सुटावी म्हणून ती खाच गोलसर केली आणि पुढचा पट्टा अरुंद केला, तेव्हा कीथ यांनी त्यावर वारंवार तक्रार केली. ती तक्रार रास्त होती.

.४४ मॅग्नमची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. सुमारे तीस वर्षे त्यांनी .४४ स्पेशल जोरकस भरून पाहिले, त्याविषयी लिहिले आणि कारखान्यांच्या मागे लकडा लावला. अखेर १९५५-५६ मध्ये रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर काढले. जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये चुकूनही शिरू नये म्हणून नवी पुंगळी एक अष्टमांश इंचाने लांब ठेवली गेली.

याच रिव्हॉल्व्हरने दुसऱ्याने जखमी केलेले हरीण आपण सहाशे यार्डांवर टिपले, हा त्यांचा दावा अनेकांना थाप वाटला. मला तो पूर्ण खरा मानवत नाही, पण खोटाही म्हणवत नाही; कारण नेम कसा धरला हे त्यांनी लिहून ठेवले आहे. मागच्या खाचेतून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, नेहमीपेक्षा बरीच वर काढायची आणि लक्ष्य तिच्या टोकावर बसवायचे. दर वेळी ती सारखीच वर यावी म्हणून त्यांनी माशीवर सोन्याच्या आडव्या रेघा बसवून घेतल्या होत्या.

शिकारीवर लिहिणारे दुसरे लेखक जॅक ओ'कॉनर यांच्याशी त्यांचे हाडवैर होते. ओ'कॉनर .२७० विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाचे, हलक्या आणि वेगवान गोळीचे पुरस्कर्ते. गद्यलेखक म्हणून ते कीथ यांच्यापेक्षा कितीतरी सरस होते आणि हरणांच्या बाबतीत त्यांचेच म्हणणे बरोबर होते, असे माझे मत आहे. कीथ यांची वाक्ये अघळपघळ असतात आणि हेका तर पानोपानी दिसतो. पण रायफलच्या बाबतीतही त्यांची नजर अगदीच चुकीची नव्हती. चार्ली ओ'नील आणि डॉन हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी .३०-०६ या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीचे तोंड रुंदावून .३३३ ओकेएच (तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे) तयार केले, आणि १९५८ मध्ये आलेले .३३८ विंचेस्टर मॅग्नम त्याच विचारसरणीतले आहे.

नव्याने काडतुसे भरू लागलेल्यांना मी कीथ जरूर वाचायला सांगतो, पण त्यांची दारूची मात्रा उचलू नका असेही बजावतो. त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या पुंगळ्या बुडाशी पोकळ होत्या, त्यामुळे त्यांत दारूला जागा जास्त मिळत असे. आजच्या भरीव बुडाच्या पुंगळीत तीच मात्रा घातली तर दाब वाढतो. मात्रा आजच्या कोष्टकातूनच घ्यावी, तीही खालच्या आकड्यापासून सुरुवात करून. कीथ यांच्याकडून घ्यायचा तो गोळीचा आराखडा, आणि साचा विकत घेताना वंगणाची खाच चौकोनी आहे की गोलसर हे आधी पाहावे.