आमची वाटचाल : मांडवी ते धरमतर

आमची भागीदारी फर्म बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू जलयानाने, माल वाहून नेते. वडिलांनी पहिली बार्ज घेतली तेव्हा गोव्यातल्या डिचोली-साखळीकडील खाणींतले खनिज टिपरने आमोणे, सारमानस, सुर्ला येथील धक्क्यांवर यायचे आणि तेथून मांडवीने मुरगाव बंदराकडे जायचे. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि लाटा यांमुळे तो रस्ता बंद होई, मग कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरून बंदर गाठावे लागे. दोन हजार टनांची एक बार्ज दहा टनांच्या दोनशे टिपरांचा माल एका खेपेत नेते, हा हिशेब आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो. मात्र सरकारदरबारी तो दर वेळी नव्याने मांडावा लागतो.

या कामात कसब आहे. बार्जमधला माल काट्यावर तोलला जात नाही. पुढे, मध्यभागी आणि मागे रंगवलेले आकडे पाण्यात किती बुडाले ते सर्वेक्षक होडीतून फिरून वाचतो आणि त्यावरून टन काढतो. समुद्राचे खारे पाणी जड आणि नदीचे गोडे पाणी हलके, त्यामुळे तेवढाच माल घेतलेली बार्ज वरच्या धक्क्यावर अधिक बुडते आणि बंदरात थोडी वर येते. पाण्याची घनता न मोजता केलेला हिशेब चुकतो, आणि गाळाने उथळ झालेल्या पात्रात तेवढ्या बुडण्यानेही बार्ज तळाला लागू शकते. म्हणून नदीची खोली हा आमच्या उत्पन्नाचा पाया आहे.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननाला मुभा मिळाली, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि १६ मार्चपासून पुन्हा शुकशुकाट झाला. बेकायदा खाणकामाला आळा बसलाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तथापि, खाणीचा परवाना ज्यांच्या नावावर नव्हता त्या बार्ज-मालकांचे कर्जाचे हप्ते मात्र बंदीच्या काळातही चालूच राहिले. नांगरून ठेवलेल्या बार्जला माणसे लागतात, तळात झिरपलेले पाणी पंपाने उपसावे लागते, पत्रा गंजतो तो वेगळाच. आमच्या ओळखीतल्या कित्येक मालकांनी चांगल्या बार्ज भंगारात दिल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सारंग (बार्जचे मुख्य चालक), इंजिन ड्रायव्हर आणि खलाशी घरी परतले, ते बहुतेक पुन्हा या कामावर आले नाहीत.

आम्ही एक बार्ज परवानगी घेऊन रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या धरमतर खाडीत नेली. तेथे भरतीची वेळ साधून कच्चा माल आत न्यायचा असतो. त्या कामाने फर्म तगली. राज्य बदलताच कागदपत्रांचा सारा खटाटोप नव्याने करावा लागे, आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने एका राज्यातली नोंदणी देशभर ग्राह्य धरली, ही लहान मालकांसाठी खरोखरच मोठी सुधारणा आहे. १९१७ चा कायदा बदलावा, अशी मागणी धंद्यातले लोक वर्षानुवर्षे करीत होते, आणि ती पूर्ण झाली याचा आनंद आम्हाला मोकळेपणाने सांगावासा वाटतो.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले. त्यांत मांडवी ६८ क्रमांकाचा, जुवारी १११ क्रमांकाचा, कुंभारजुवे २७ क्रमांकाचा आणि अंबा १० क्रमांकाचा. २०२४-२५ मध्ये देशातील राष्ट्रीय जलमार्गांवरून सुमारे १४.५ कोटी टन माल गेला. या वाढीचे आम्ही स्वागतच करतो. प्रश्न सवलतींच्या आखणीचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'जलवाहक' योजनेत वाहतूक खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत परतावा मिळतो, पण तो गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या जलमार्गांवर, आणि अंतर ३०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तरच. मांडवीचा जलमार्ग ४१ किलोमीटरचा, जुवारीचा ५० किलोमीटरचा. आमच्या नद्या सह्याद्रीतून निघून लगेच समुद्राला मिळतात, त्यामुळे अंतराची अट ठेवली की पश्चिम किनारा आपोआप बाहेर पडतो. धूळ आणि अपघात कमी होण्याचा लाभ गावाला चाळीस किलोमीटरमध्येही तितकाच मिळतो. तेव्हा परतावा अंतरावर न ठरवता रस्त्यावरून हटलेल्या टनांवर ठरवावा, असे आमचे मत आहे.

करांची बाब याहून कमी चर्चिली जाते. जलमार्गाने केलेल्या मालवाहतुकीवर जीएसटी नाही, ही सवलत वाटते. परंतु सेवा करमुक्त असल्याने पोलादी पत्रा आणि रंग यांवर भरलेल्या १८ टक्के कराची वजावट आम्हाला मिळत नाही. रस्ते वाहतूकदाराला जास्त दराने कर आकारून वजावट घेण्याचा पर्याय खुला आहे. शिवाय बार्जच्या डिझेलवरही रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आहेच. २०२५ च्या अर्थसंकल्पात ठराविक आकारापेक्षा मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा देण्याचे जाहीर झाले, म्हणजे स्वस्त कर्जाची वाट तेथेही मोठ्यांसाठीच उघडते.

गोव्यातील सहा नद्या राष्ट्रीय जलमार्ग झाल्या तेव्हा मच्छीमार आणि खाजन (खारे पाणी बांधाने अडवून कसलेली खाडीकाठची जमीन) कसणारे शेतकरी यांनी जोरदार विरोध केला. तो विरोध आमच्याविरुद्ध आहे, असे समजणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. बार्जच्या लाटांनी खाजनाचे बांध ढासळतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. बांधाजवळ वेगमर्यादा हवी, गाळ कोठे टाकायचा याचा निर्णय गावाला विचारून व्हावा, आणि जाळी लावण्याच्या जागा नकाशावर नोंदल्या जाव्यात. नदीवर पहिला हक्क तिच्या काठच्यांचा आहे, हे मान्य करूनच धोरण टिकेल.

नव्या लिलावानंतर डिचोलीचा खाणपट्टा २०२४ मध्ये सुरू झाला आणि मांडवीत थोडी हालचाल दिसू लागली. आमची गोव्यातली बार्ज सध्या गोदीत आहे. तपासणीत तळाचा जो पत्रा ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ निघाला, तो कापून नवा बसवण्याचे काम चालू आहे. लहान बार्ज-मालकांच्या वतीने केंद्राकडे जाणाऱ्या पुढच्या निवेदनाला आम्ही याच कामाचे बिल जोडणार आहोत. त्यातली कराची ओळ अधोरेखित करून, ती रक्कम प्रति टन भाड्यात किती भर घालते याचा तक्ताही सोबत देऊ.