आडणा

आत्या सहज बोलून गेली आणि तेव्हापासून माझे कशातच चित्त लागत नाही.

मोबाइलवर ‘बुनियाद’ लावली होती. लाहोरच्या मास्टर हवेलीरामांचा स्वातंत्र्याचा ध्यास आणि फाळणीत उधळलेला त्यांचा संसार सावरणारी लाजो, हे सारे चालू असताना पोटरीवर वाती वळत बसलेली आत्या मध्येच म्हणाली, ‘‘आष्टीच्या दिशी आमच्या बाबानं तं दार लावून घेतलं होतं. आतून आडणा बी घातला.’’ आणि तिने पुढची वात वळायला घेतली.

१९८६-८७ मध्ये ही मालिका दूरदर्शनवर पाहिली, तेव्हापासून हवेलीरामांच्या जागी मी मनातल्या मनात आजोबांना बसवत आलो आहे. पांढरी टोपी, हातात खंजिरी, तोंडी तुकडोजी महाराजांची भजने. आणखी काय हवे होते? आजोबा आष्टीच्या मोर्चात होते असे घरात कोणी सांगितले नव्हते, पण नव्हते असेही कोणी म्हटले नव्हते. ‘चले जाव’च्या दिवसांत, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, वर्धा जिल्ह्यातल्या या आष्टीच्या पोलीस ठाण्यावर माणसे चालून गेली, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे पडली. त्याच दिवशी तिकडे चिमूरही पेटले. नागपंचमी होती, म्हणजे औत जुंपायचे नव्हते. शेताच्या कामाचे निमित्तसुद्धा आजोबांपाशी नव्हते. ज्या भजनांनी दोन गावे उठली तीच भजने गाणाऱ्या माणसाने दाराला आडणा घालावा, हे काही केल्या गळी उतरत नाही. कोणाच्या वाट्याला इतिहास येतो आणि आमच्या वाट्याला आला तो बाभळीचा एक दांडा! वडिलांना हे ठाऊक असेल का? त्यांचे ते गप्प बसणे... असो.

रात्री आत्याला विचारलेच, आजोबा घाबरले होते का? ती म्हणाली, ‘‘भेव कोनाले नाई लागत? लेकरं घरात होते ना.’’ त्या लेकरांत ती होती आणि पाळण्यात माझे वडील होते. एवढे सांगून तिने पुढचा भाग लावायला सांगितले, कारण तिला लाजोची काळजी लागली होती.

पुढच्या भागात माझे लक्ष हवेलीराम झालेल्या आलोकनाथांच्या पांढऱ्या केसांकडेच होते. जेमतेम तिशीच्या माणसाला रंगवून आजोबा केले आणि सगळ्या देशाने ते मान्य केले. मीही माझ्या आजोबांना वर्षानुवर्षे रंगवतच होतो की, तेही त्यांना न विचारता. मनोहर श्याम जोशींनी ‘बुनियाद’च्या आधी, १९८४ मध्ये, ‘हम लोग’ लिहिली होती. महिन्याचा मेळ बसवता बसवता थकणाऱ्या घराची गोष्ट. आमचे घर त्या मालिकेतले, आणि मी उगाच दुसऱ्या मालिकेत जागा मागत बसलो.

प्रश्न उरतो तो दादाचा. त्याच्या बैठकीत आजोबांच्या फोटोखाली ‘स्वातंत्र्यसैनिक’ अशी पाटी आहे आणि दर १५ ऑगस्टला शाळेतल्या भाषणात तो त्यांना ठाण्यापर्यंत नेऊन पोहोचवतो. मी त्याला काही सांगणार नाही. यंदा मात्र आत्याला सोबत न्यावे आणि पुढच्या रांगेत बसवावे म्हणतो. भाषणाच्या मध्येच ती काही बोललीच, तर बोलू द्यावे.