तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याच्या गच्चीत स्ट्रॉबेरी येते का?

गच्चीवर आलेली माणसं टोमॅटो, मिरच्या बघत पुढे जातात आणि स्ट्रॉबेरीच्या कुंड्यांपाशी थबकतात. मग विचारतात, "महाबळेश्वरची हवा नसताना ही इथे येते कशी?"

येते, आणि चांगली येते. मात्र आंब्या-पेरूसारखं एकदा लावलं की वर्षानुवर्षं फळं खायची, हे इथे जमत नाही. खुद्द महाबळेश्वर, पाचगणी, भिलारचे शेतकरीही साधारणपणे दरवर्षी नवी लागवड करतात. परदेशातून आणलेली मातृरोपं वाई परिसरातल्या रोपवाटिकांमध्ये पावसाळ्यात वाढवतात, त्यांना सुटलेल्या रनरची (जमिनीवर पसरत जाऊन टोकाला नवं रोप धरणाऱ्या फुटव्याची) रोपं करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती शेतात लागतात. आपणही हेच वेळापत्रक धरायचं. दिवस लहान झाला आणि रात्री गार पडायला लागल्या की रोप फुलावर येतं. पुण्याच्या हिवाळ्यात दोन्ही मिळतं. मुंबईत थंडी उशिरा येते आणि लवकर जाते, त्यामुळे तिथे हंगाम आखूड.

बियांच्या पाकिटांच्या नादी लागू नका. संकरित जातीच्या बीपासून आलेलं रोप मूळ झाडासारखं निघत नाही, शिवाय फार वेळ खातं. निळ्या स्ट्रॉबेरीच्या बिया म्हणून जे विकतात, ती तर सरळ फसवणूक आहे. तसं फळ अस्तित्वातच नाही. खात्रीच्या रोपवाटिकेतून 'स्वीट चार्ली' किंवा 'विंटर डॉन'ची रोपं आणा.

लावताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. पानं आणि मुळं जिथे जुळतात तो जाडसर गड्डा, म्हणजे क्राऊन, मातीच्या बरोबर पातळीत बसला पाहिजे. खाली गेला की कुजतो, वर राहिला की मुळं सुकतात. आठ इंची कुंडीत एकच रोप. नुसती काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि बहुधा चुनखडीची असते. स्ट्रॉबेरीला किंचित आम्लधर्मी माती लागते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी तांबडी माती असं मिश्रण मी वापरते. बोअरचं क्षाराचं पाणी तिला अजिबात सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या, तेही बुडाशी. पानांवर नको. ऊन सहा तास तरी हवं.

आता फुलांविषयी, कारण "फळं वेडीवाकडी का होतात?" हेही सगळेच विचारतात. पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळा उंचवटा असतो. नीट पाहिलंत तर त्यावर बारीक बारीक केसर दाटीने उभे दिसतील. त्यातला प्रत्येक स्त्रीकेसर म्हणजे फळावरचा एकेक दाणा. ज्याला आपण बी म्हणतो तो दाणाच खरं तर फळ, आणि आपण खातो तो फुगलेला पुष्पाधार, म्हणजे फुलाची बैठक. ज्या दाण्याला पराग मिळतो, त्याच्याभोवतीचा गर फुगतो. जिथे मिळत नाही, तिथे खळगा राहतो. शेतात हे काम मधमाश्या करतात. उंच इमारतीच्या गच्चीवर त्या कमी फिरकत असतील, तर सकाळी मऊ कुंचला फुलाच्या मध्यावरून हलकेच गोल फिरवा, आधी कडेच्या परागकोशांवर, मग आत. मला हे काम फार आवडतं. पाकळ्या गळाल्यावर हिरवा गोळा मान खाली घालतो आणि फुलापासून साधारण महिन्याभरात फळ तयार होतं.

इथे घाई करू नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. लाल होईल, मऊ होईल, पण गोडी वाढायची नाही. लांबच्या बाजारात जाणारं फळ प्रवासात टिकावं म्हणून थोडं आधीच तोडावं लागतं. घरी ती अडचण नाही. देठाजवळची पांढरी कड पूर्ण लाल होऊ द्या, मग आणखी एक दिवस थांबा. वास हातभर लांबून येतो. देठ नखाने खुडायचा, फळ ओढायचं नाही. एवढ्यासाठीच मी ती लावते. पाच-सहा कुंड्यांतून जॅमपुरती फळं येत नाहीत, पण पूर्ण पिकलेल्या त्या चार फळांची चव विकत मिळत नाही. बुलबुलांनाही हे कळतं, म्हणून जाळी हवीच.

मार्चपासून फळं बारीक होतात, पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड दिसायला लागते. रोपं जगवायची असतील तर सावलीत हलवा, रनर दुसऱ्या कुंडीत रुजवा. पण पुण्याचा एप्रिल-मे आणि त्यामागचा पाऊस यातून थोडीच तगतात. मी त्यांच्यामागे लागत नाही. माती उन्हात तापवते, पावसाळ्यात त्याच कुंड्यांत कोथिंबीर-पालक घेते आणि सप्टेंबरअखेर नवी रोपं आणायला वाईला जाते.