ग्रॅनोला बार: सगळा खेळ पाकाचा

आज ओट्सचे बार केले. २०० ग्रॅम ओट्स मंद आचेवर ८-१० मिनिटं भाजले. कच्चट राहिले की बार चामट होतात. त्यात भाजून जाडसर कुटलेले ७५ ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम भोपळ्याच्या बिया, २५ ग्रॅम तीळ आणि चिमूटभर मीठ.

बाइंडिंगला २०० ग्रॅम गूळ, दोन चमचे पाणी, दोन चमचे तूप. गूळ आपला नेहमीचाच घ्या, कोल्हापुरात त्याला काय तोटा! चिक्कीचा गूळ नको, बार कडक होतात. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे. थेंब नुसता पसरला तर बार सुटतात, कट्कन मोडला तर चिक्की झालीच म्हणून समजा.

पाकात भाजलेले ओट्स, दाणे, बिया सगळं मिसळा. मिश्रण गरम असतानाच तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडानं जोर लावून दाबा. बहुतेकांचे बार इथंच भुसभुशीत होतात. कोमट असताना सोळा वड्या कापा, गार झाल्यावर सोडवा. वडीमागे साधारण १२ ग्रॅम गूळ येतो, म्हणजे 'हेल्दी' म्हणून चार हाणायच्या नाहीत. पावसाळ्यात गूळ ओल धरतो, डबा घट्ट झाकणाचाच हवा.