नुसतं "चालेल"

आज पण झोप नाही. लाईट दोनदा गेली आली, पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, आई पलीकडे कूस बदलतेय म्हणजे तिला पण कळलंय मी जागा आहे ते. विचारलं तर सांगायची सोय नाही. एका शब्दाने झोप उडालीय. चालेल.

शनिवारी मॅटाडोर, आमची जुनी व्हॅन, घेऊन काकांच्या गॅरेजवर गेलो होतो. दीड महिना जे काय करत बसलो होतो ते दाखवायला. डिझेल भरायचंय, सहज आलो वगैरे सगळं नाटक, दाखवायलाच गेलो होतो. काकांनी अर्धा चहा बाजूला ठेवला, सीटच्या मधलं झाकण उचललं, टॉर्च मारला, वाकून बेल्ट बोटाने दाबून बघितला, नवीन पाईपवरून टॉर्च खाली सायलेन्सरपर्यंत नेला. टॉर्च बंद. बोट पँटला पुसलं. "चालेल." आणि मग लगेच बांगड्याचा भाव, श्रावणात सुद्धा किती चढलाय बघ.

बस एवढंच. दीड महिन्याचं.

म्हणजे मला काय हार घालून घ्यायचे नव्हते. पण मागच्या मे महिन्यात एका रिक्षावाल्याने नुसतं नवीन हूड लावून आणलं तेव्हा हेच काका "एक नंबर" म्हणाले होते, मी तिथेच बाकड्यावर बसलो होतो, या कानांनी ऐकलंय. हूड! ते शिवणाऱ्याने शिवलं, याने पैसे दिले. आणि इथे माझी बोटं अजून धड वळत नाहीयेत.

गेल्या गणपतीत ठरवलं होतं हे सगळं. दादा-वहिनी-पोरांना आणायला रात्री स्टेशनला गेलो, पाऊस असाच, वायपर चालू, हेडलाईट चालू, आणि गाडी जरा हळू झाली की लाईट अशी पिवळी पडायची की समईच बरी. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचं तसंच असतं, इंजिन जोरात फिरत असेल तर चार्जिंग, नाहीतर बॅटरीच खात बसायचं. भाट्याच्या पुलाआधी म्हैस आडवी, मी थांबलो आणि न्यूट्रलमध्ये रेस देत बसलो कारण नाहीतर लाईट जाते. मागून दादा म्हणाला, विकून टाक आता ही. पोरं झोपली होती म्हणून मी काही बोललो नाही. आण्णा ही गाडी चालवायचे तेव्हा असं कोणी... जाऊ दे.

मग डायनामोच्या जागी अल्टरनेटर. भंगारात चांगला मिळाला, ४५ अँपियरचा, आपला डायनामो २२ चा. हलक्या रेसला पण चार्ज करतो आणि चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर आतच असतो, म्हणजे त्यासाठीचा तो जुना कटआउटचा डबा पण गेला. आता हे असं लिहिलं की सोपं वाटतं. डायनामो लांबडा नळकांड्यासारखा, दोन्ही टोकांना खालून बोल्ट. अल्टरनेटर आखूड आणि गरगरीत, त्याचे पाय भलतीकडेच. जुन्या ब्रॅकेटवर बसतच नाही. आंब्याच्या बॉक्सचा पुठ्ठा कापून कापून माप काढलं, ८ एमएमची प्लेट आणली, हॅकसॉने कापली, चार ब्लेडं गेली. वरून ताणाची पट्टी, तिला लांबट भोक, बेल्ट ढिला-घट्ट करायला.

आणि बसवल्यावर कळलं की त्याचं पोट एक्झॉस्टच्या पाईपला जवळजवळ टेकतंय. दोन बोटं पण जागा नाही. तिथे राहिला असता तर चार महिन्यांत आतले डायोड भाजून निघाले असते. म्हणजे पाईप हलवा. पाईप कापला तर आतून पापुद्रेच पापुद्रे, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे, हाताने सोलून निघत होते. बाहेरून खारा वारा खातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण आतून पण गंज खातो, कारण पावसच्या आसपासच्या छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर नीट तापतच नाही, धुरातली वाफ आतच पाणी होऊन बसते. मग काय, सगळाच बदलला. दोन इंची स्टेनलेस, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आर्गॉन वेल्डिंग करून घेतलं, पाईप बाहेरच्या बाजूला वळवला. आणि मधे तो जाळीचा लवचिक तुकडा. त्याचा मला खरं तर सगळ्यात जास्त अभिमान आहे. इंजिन आपल्या रबरांवर हलत असतं, पाईप चॅसीला बांधलेला, मधे काहीतरी वळणारं नको का? आधी एका वर्कशॉपमध्ये सरळ घट्ट वेल्ड मारून दिलं होतं, तीनदा त्याच जागी तडकलं. तीनदा पैसे घेतले. यावेळी मागचं सायलेन्सर पण ट्रकच्या जुन्या टायरच्या पट्ट्यांवर लटकवलंय. अल्टरनेटर आणि पाईपच्या मधे पत्रा, बोटभर हवा सोडून.

आयडलला, म्हणजे रेस न देता, बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. मल्टिमीटरचा फोटो दादाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

तर काकांचं चालेल. मी तीन दिवस हा शब्द चघळतोय. साखर कमी आहे, चालेल? चालेल. एसटी गेली, रिक्षा चालेल? चालेल. आमच्या आत्तेच्या स्थळाला पण म्हणे आजोबा चालेलच म्हणाले होते, आणि ते काही फार चाललं नाही. म्हणजे हो म्हणायचं पण आपण म्हटलं असं नको. मला वाटलं काकांना राग आला असेल, मी त्यांना न विचारता केलं म्हणून. मग वाटलं स्टेनलेस बघून उधळपट्टी वाटली असेल. मग वाटलं मी कितीही केलं तरी त्यांच्यासाठी मी आण्णांच्या मागे पाना धरून उभा असलेला पोरगाच आहे. भरलेल्या पेट्या घेऊन ओल्या चढावर पुढची चाकं नुसती गरगर फिरायची, मॅटाडोर पुढच्या चाकांवर ओढणारी, वजन सगळं मागे. आण्णा मग गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायचे आणि काका खालून हात करायचे. दोघंच. मी दगड घेऊन चाकामागे. तेव्हा पण मला कोणी एक नंबर म्हटलं नव्हतं.

हे वरचं वाचून माझं मलाच कसंतरी झालं. असो.

कारण आज संध्याकाळी रनपारवरून येताना चीं. बारीक, मग जोरात, रेस दिली की चीं. घरी आलो, झाकण उचललं, पुलीच्या आजूबाजूला बेल्टची काळी पूड, रांगोळीसारखी. बेल्टची एकच कड चकचकीत. स्टीलची पट्टी अल्टरनेटरच्या पुलीवर सपाट धरली आणि क्रँकच्या पुलीपर्यंत नेली तर तिथे फट. फट मोजायचं फिलर गेज सापडेना, म्हणून ड्रिलची बिटं घालून बघितली. तीनचं बिट बरोब्बर गेलं.

तीन एमएम. माझी पुली तीन एमएम पुढे. बेल्ट तिरका पळतोय.

आणि तेव्हा ते बोट आठवलं. पँटला पुसलेलं बोट. मला वाटलं सवय. काळं झालं होतं ते, म्हणून पुसलं. शनिवारी! तेव्हा गाडी जेमतेम दहा-बारा किलोमीटर चालली असेल. त्यांनी बेल्टचा ताण बघितलाच नाही, पूड बघितली. आणि म्हणाले चालेल. किती दिवस, ते मी विचारलं नाही.

मी गाडीतच बसून हसलो. आई खिडकीतून म्हणाली, काय झालं रे? म्हटलं काय नाय, बेल्ट.

सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे अजून आहेच डोक्यात. पण शनिवारी मी ज्या छातीने उभा होतो ते आठवलं की... सांगितलं असतं तर मी १४.१ व्होल्टचा फोटोच दाखवला असता त्यांना, मला माहितीय. फोन काढलाच होता खिशातून.

तर अल्टरनेटरच्या मागचा स्पेसर, अंतर ठेवणारा तुकडा, १२ एमएमचा आहे, तो ९ चा करायचा, पुढून तीनचा वॉशर. लेथवर पाच मिनिटांचं काम, पण टर्नर दहाच्या आधी उघडत नाही आणि गणपतीच्या आधी सगळ्यांचीच घाई. स्पेसर काढून ठेवलाय, शर्टाच्या खिशात, आणि शर्ट आईने भिजत घातला नसेल तर बरं. बघून येतो.

आहे.

मिरजोळ्याला जायचं तर काकांचं गॅरेज वाटेतच. पण स्पेसर खिशात म्हणजे गाडी दारात, म्हणजे दुसऱ्या गाडीवरून जाणार, म्हणजे त्यांना लगेच कळणार गाडी का नाही आणली ते.