मुलांच्या कायदेशीर मदत संस्थेचं सॉफ्टवेअर निवडताना: माझा अनुभव

प्रॉडक्टच्या कामात मिळेल ती माहिती साठवून ठेवायची सवय लागते. मुलांची बाजू कोर्टात मांडणाऱ्या संस्थेच्या मंडळावर प्रकरणांसाठी सॉफ्टवेअर निवडायचं काम आलं, तेव्हा आधी ती सवय मोडावी लागली.

सुरुवात हितसंबंधांच्या घोषणापत्राने. विक्रेत्या कंपनीत आपले शेअर असतील तर ते आधीच सांगायचं आणि त्या मतदानातून बाजूला व्हायचं. मुलांच्या फाइली मंडळाने बघायच्याच नाहीत. तिसऱ्याने फाइल पाहिली की वकील-अशील गोपनीयता धोक्यात येते. म्हणून डेमोसाठी वकिलांकडून १२ काल्पनिक प्रकरणं लिहून घेतली, मुद्दाम किचकट: सावत्र भावंडं, दोन आडनावं, तीन तऱ्हांनी लिहिलेलं एकच नाव.

तयार सॉफ्टवेअर अडखळलं ते इथेच. त्याची रचना 'एक कुटुंब, एक खातं' अशी. पण अशील असतं ते मूल. आईवडील कधी समोरच्या पक्षात असतात. भावंडांतही एकाला घरी परतायचं असतं, दुसऱ्याला नाही. मग दोघांचा वकील एक चालत नाही. त्यामुळे प्रत्येक मुलाची नोंद स्वतंत्र हवी, नाती वेगळी जोडलेली हवीत आणि प्रकरण घेण्याआधी सगळ्या संबंधितांची नावं आधीच्या नोंदींशी उच्चारसाधर्म्यानेही ताडून बघितली जायला हवीत.

सगळ्यात धोक्याची चूक पत्त्याची निघाली. पत्ता 'गोपनीय' केला की पडद्यावरून जायचा, पण अर्ज छापला की पहिल्याच ओळीत हजर! अर्जाचा तयार साचा आपला मजकूर थेट डेटाबेसमधून उचलत होता, पडद्यावरची बंधनं त्याला लागूच नव्हती. उपाय साधा: सुरक्षित पत्ता वेगळ्या रकान्यात ठेवायचा आणि तो रकाना कुठल्याच साच्याला जोडायचा नाही. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढणं हीसुद्धा फसवणूकच. खालचा मजकूर कॉपी होतो. मजकूर फाइलमधूनच काढावा लागतो.

आठवणीच्या एसएमएसमध्ये 'उद्या ११ वाजता भेट' एवढंच. संस्थेचं नाव नको, कारण फोन बहुधा मोठ्यांच्या हातात असतो.

मंडळाच्या अहवालात ५ पेक्षा लहान आकडा झाकतो, नाहीतर मूल कोण ते ओळखू येतं. बेरीज दिली असेल तर आणखी एक आकडा झाकावा लागतो, नाहीतर वजाबाकीने पहिला उघडा पडतो.

'निकाली प्रकरणं' हे माझं मोजमाप वकिलांनी खोडलं, आणि बरोबर खोडलं. घाईने मिटवलेलं प्रकरणही त्यात जमेलाच धरलं जातं. त्याऐवजी पहिल्या सुनावणीआधी किती मुलांना वकील प्रत्यक्ष भेटला आणि एका मुलाचे वकील कितीदा बदलले, हे मोजायचं ठरलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क देतं. त्यासाठी 'मुलाच्याच शब्दांत' असा तारखेसह रकाना घेतला. विक्रेत्याने त्याला २५५ अक्षरांची मर्यादा घातली होती, ती काढायला लावली.